वखार, घाट आणि वाहता आवाज



खानापूर तालुक्यातील नंदगड हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास मुख्यतः संगोळ्ळी रायण्णांमुळे परिचित आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या सेनानीस इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे फाशी दिले, आणि त्यांची समाधी तेथे आहे. परंतु नंदगडाची आणखीही एक ओळख होती, ती पेठेची. सह्याद्रीचा माथा ओलांडून गोव्याशी जो व्यापार चाले त्याचे हे एक ठाणे होते. खालून मीठ, नारळ, सुपारी वर यावी आणि देशावरचे धान्य खाली जावे, असा तो क्रम बैलांच्या पाठीवरून चालत असे.

या व्यापारातील एक साधी गोष्ट आपण ध्यानात घेऊ. घाटातून येणारा माल कधीच नियमाने येत नसे. एखादे दिवशी तांडा येई, मग कित्येक दिवस काहीच येत नसे. पावसाळ्यात तर वाटा निसरड्या होऊन येणे जवळजवळ खुंटे. उलट मीठ मात्र घरोघर रोज लागे. येणे अनियमित आणि लागणे नियमित, अशी ही स्थिती असल्यामुळे दोहोंच्या मध्ये वखार उभी करावी लागते. वखार म्हणजे काळाशी केलेला एक करार होय. आज आलेले उद्यासाठी राखावयाचे, म्हणजे उद्या न आले तरी अडणार नाही. परंतु वखारीला दोन भये असतात. माल येणे फार दिवस थांबले तर ती रिती होते. आणि एकदम फार माल आला तर तो ठेवावयास जागा उरत नाही, व तो बाहेर उघड्यावर पडून नासतो.

आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो वरवर पाहता या मिठाच्या वखारीहून अगदी निराळा वाटेल. दूरचित्रवाणी संचाला जोडलेली जी लहानशी पेटी आता खेड्यापाड्यांतील घरांतही आली आहे, आणि जी इंटरनेटवरून नाटके, कीर्तने, बातम्या व गाणी आणून आपल्यापुढे मांडते, त्या पेटीत मध्येच आवाज तुटतो, चित्राचे चौकोनी तुकडे होतात, शब्द गळतात. असे का होते, आणि ते का होते हे शोधताना माणसांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय काय शिकून घेतले, हा आजचा विषय आहे. त्या पेटीच्या पोटातही एक वखार असते. तिला बफर म्हणतात. आणि तिलाही तीच दोन भये आहेत.

प्रथम जुन्या नभोवाणीची आठवण करू, कारण फरक समजण्यास ती उपयोगी आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. बेळगाव भागाला जवळचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी उघडले. पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये आणि सांगलीचे १९६३ मध्ये सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पण लहरींना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सांगलीचा व पुण्याचा मराठी कार्यक्रम आणि धारवाडचा कानडी कार्यक्रम एकाच संचावर ऐकता येत असे, आणि अनेक घरे दोन्ही ऐकत.

या नभोवाणीत वखार मुळीच नव्हती. निवेदकाने शब्द उच्चारला की त्याच क्षणी तो लहरींवरून निघून संचात पोहोचे. आकाशात वीज चमकली, खरखर झाली आणि शब्द बुडाला, तर तो कायमचा बुडाला. परत मागण्याची सोय नव्हती, आणि साठवून ठेवण्याचीही नव्हती. म्हणूनच तिथे वखार रिती होण्याचा किंवा ओसंडण्याचा प्रश्नही नव्हता. शिवाय एका घरात संच लावला म्हणून शेजारच्या घरातील आवाज कमी होत नसे. लहर सर्वांची होती.

जाळ्याचे, म्हणजे नेटवर्कचे, तत्त्व याच्या उलट आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत पॉल बॅरन यांनी, आणि त्यानंतर लवकरच स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, अशी कल्पना मांडली की संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा वाटेतील ठाण्यांनी घ्यावा, क्षणभर ठेवावा व पुढे द्यावा. या तुकड्यांना डेव्हिस यांनी पॅकेट हे नाव दिले. म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक ठाण्यावर एक छोटी वखार आली. वाट एकच, तिच्यावरून अनेकांचा माल जाणार. तेव्हा दोन तांडे एका वेळी नाक्यावर आले तर एकास थांबावे लागणार, हे उघडच होते.

आणि गंमत अशी की या जाळ्याचा पहिला संदेशच वखार ओसंडल्यामुळे अर्धवट राहिला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द धाडण्यास सुरुवात केली. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. पलीकडे बसलेल्या बिल ड्युव्हाल यांनी पुढे त्याचे कारण सांगितले आहे. त्या काळची टंकयंत्रे सेकंदास सुमारे दहा अक्षरे पाठवीत, आणि अक्षरे ठेवण्याची जागा त्याच अंदाजाने राखलेली होती. नवी जोडणी मात्र सेकंदास सुमारे पाच हजार अक्षरे नेऊ शकत होती. भांडे तांब्याएवढे आणि त्यात पाटाचे पाणी सोडलेले, असा तो प्रकार झाला. ड्युव्हाल यांनी ती जागा वाढवली आणि सुमारे तासाभरात पूर्ण शब्द पोहोचला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या दिवशी जागा वाढवणे हाच योग्य उपाय होता, कारण अडचण खरोखर लहान भांड्याची होती. परंतु यातून एक समज रूढ झाला, की गळती झाली की भांडे मोठे करावे. हा समज चुकीचा आहे हे कळण्यास पुढची चाळीस वर्षे लागली.

१९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी जो नियम मांडला त्याच्या पोटी एक अतिशय शहाणी तरतूद होती. माल घेणाऱ्याने पाठवणाऱ्यास वेळोवेळी कळवावयाचे, की माझ्या वखारीत आता इतकी जागा मोकळी आहे, त्याहून जास्त पाठवू नका. जागा संपली तर शून्य कळवावयाचे, आणि पाठवणाऱ्याने थांबावयाचे. १ जानेवारी १९८३ पासून त्या वेळच्या जाळ्याने हा नियम स्वीकारला. या तरतुदीमुळे शेवटच्या घरची वखार ओसंडण्याचे भय पुष्कळच कमी झाले. परंतु वाटेतल्या ठाण्यांचे काय? पाठवणारा आणि घेणारा यांचे एकमेकांशी बोलणे होत होते. मधल्या नाक्यावर किती गर्दी आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

हा धोका जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये लेखी मांडला. माल वेळेवर पोहोचल्याची पावती आली नाही, तर पाठवणारा तोच माल पुन्हा पाठवतो. वाटेत आधीच गर्दी, त्यात त्याच मालाच्या प्रती पुन्हा येतात, म्हणजे गर्दी आणखी वाढते, पावत्या आणखी उशिरा येतात आणि प्रती आणखी वाढतात. अशा वेळी जाळे पूर्ण भरलेले असते, आणि तरी त्यातून उपयोगाचे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी याहूनही विचित्र वाटणारी गोष्ट दाखवून दिली. समजा, नाक्यावरच्या वखारीस मर्यादाच नाही, ती अनंत मोठी आहे. तरीही भार सतत जास्त राहिला तर प्रत्येक पॅकेट इतका वेळ रांगेत थांबेल की बाहेर पडेपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल. म्हणजे अमर्याद साठवण असूनही सर्वच माल वाया जाईल. नासणारा माल कितीही मोठ्या कोठारात ठेवला तरी तो नासतोच, हे आपल्याकडील कोणाही फळवाल्यास सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष प्रसंग ओढवला. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील दळणवळण जवळजवळ ठप्प झाले. दोन ठिकाणांमधील अंतर अवघे चारशे यार्ड. सेकंदास ३२,००० बिट जाणाऱ्या वाटेवरून केवळ ४० बिट जाऊ लागले. तेथील व्हॅन जेकबसन यांनी या गोष्टीचा छडा लावण्यासाठी काम केले आणि १९८८ मध्ये आपला उपाय प्रसिद्ध केला. त्यांचा विचार असा. वाटेत पॅकेट हरवते ते बहुधा तार नादुरुस्त म्हणून नव्हे, तर नाक्यावरची वखार भरली म्हणून. तेव्हा हरवलेले पॅकेट हा नुसता तोटा नाही, तो एक निरोप आहे: पुढे गर्दी आहे, वेग कमी करा. पाठवणाऱ्याने प्रथम सावकाश सुरुवात करावी, वाट मोकळी दिसेल तसा वेग वाढवावा, आणि गळती दिसताच तो एकदम निम्म्यावर आणावा. जगभरचे जाळे पुढे या शिस्तीवर तगले. कोणीही मध्यवर्ती अधिकारी न नेमता, लाखो अनोळखी यंत्रे एकमेकांसाठी वाट सोडू लागली, ती केवळ गळतीचा निरोप ओळखल्यामुळे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला अमेरिकेत एका बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन इंटरनेटवरून ऐकवण्यात आले, आणि वाहत्या आवाजाचे नवे युग सुरू झाले. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना आपल्याकडे २०११ मध्ये मंजूर झाली. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटाने उरलेले काम केले. आज खानापूरच्या रानाकडेच्या गावातही पुण्यामुंबईच्या रंगभूमीवरील नाटक घरबसल्या पाहता येते. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, ज्यांना दूर जाणे शक्य नाही, आणि ज्यांच्या भाषेतील कार्यक्रम आसपास फार थोडे, त्या घराला या पेटीचे मोल किती आहे हे वेगळे सांगावयास नको. म्हणूनच तिच्यातील बिघाडाचा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

मधल्या काळात मात्र एक घोटाळा होऊन बसला होता. संगणकाची स्मृती फार स्वस्त झाली, आणि पॅकेट हरवणे वाईट या भाबड्या समजुतीने यंत्रे करणाऱ्यांनी घराघरांतील राउटरांमध्ये व मोडेमांमध्ये भल्या मोठ्या वखारी घालून ठेवल्या. २०१० मध्ये जिम गेटिस या अनुभवी अभियंत्यास आपल्याच घरी एक मोठी फाइल पाठवीत असताना असे आढळले, की बाकीचे सर्व काम अडले आहे आणि साध्या निरोपालाही एक सेकंदाहून अधिक विलंब होत आहे. तपास करता कारण सापडले. वखार इतकी मोठी होती की गळती होतच नव्हती. आणि गळती नाही म्हणून वेग कमी करण्याचा जेकबसन यांचा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत जातच नव्हता. रांग मात्र वाढत होती. या विकाराला गेटिस यांनी बफरब्लोट म्हटले. आपण त्याला वखारीची सूज म्हणू. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय सुचवला. वखारीत किती माल आहे हे मोजू नये. माल किती वेळ पडून आहे हे मोजावे, आणि तो वेळ सतत जास्त राहिला तर मुद्दाम एखादे पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्यास सावध करावे. थोडे सोडून देऊन बाकीचे वाचवण्याची ही रीत आहे. धरणाचे दरवाजे वेळेवर उघडणारा अभियंता हेच करतो. खानापूर तालुक्यातच कणकुंबीजवळ उगम पावणाऱ्या मलप्रभेला नविलुतीर्थ येथे धरण घातले आहे. कोणतेही धरण नुसत्या भिंतीच्या उंचीवर सुरक्षित राहत नाही, त्याला सांडवा लागतो.

आता आपल्या घरातील पेटीकडे वळू. बिघाड ओळखताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की वखार रिती होत आहे की ओसंडत आहे? चित्र थांबते, चक्र फिरत राहते आणि मग जेथे थांबले होते तेथूनच कार्यक्रम पुढे सुरू होतो, तेव्हा वखार रिती झालेली असते; माल उशिरा येत आहे. उलट कार्यक्रम थांबत नाही, पण मधले शब्द गळतात, चित्रावर चौकोन उमटतात आणि कथा पुढे उडी मारते, तेव्हा माल वाटेत हरवलेला तरी असतो किंवा दारात येऊन जागेअभावी सांडलेला असतो. हा दुसरा प्रकार विशेषतः थेट प्रक्षेपणात दिसतो, कारण तेथे पुष्कळदा पावती न मागता माल पाठवण्याची पद्धत वापरतात आणि 'थांबा' म्हणण्याची सोय नसते.

या ओसंडण्याचे प्रमाण किती सूक्ष्म असते पाहा. अशा अनेक पेट्या लिनक्स या प्रणालीवर चालतात. तिच्यात अशा मालासाठी सामान्यतः राखलेली जागा २,१२,९९२ बाइट असते. उत्तम प्रतीचे चित्र सेकंदास ८० लक्ष बिट, म्हणजे दहा लक्ष बाइट या वेगाने आले, तर ही जागा सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शात भरते. तेवढा क्षण जरी पेटीचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतले तरी माल सांडलाच. वाय-फायमध्ये अडथळा आला की पॅकेटे काही काळ खोळंबतात आणि मग एकगठ्ठा येतात. घाट मोकळा होताच तुंबलेले सर्व तांडे एकदम पेठेत यावेत तसे. एफएफएमपेग नावाचे, अनेक यंत्रांत वापरले जाणारे जे साधन आहे, ते अशा वेळी आपल्या नोंदीत 'सर्क्युलर बफर ओव्हररन' असा शेरा लिहिते. हा शेरा आढळला तर घेणाऱ्या पेटीची जागा वाढवणे योग्य ठरते. मात्र माल उचलण्याचा सरासरी वेग येण्याच्या वेगास पुरा पडत असेल तरच. पेटीची शक्तीच अपुरी असेल तर जागा कितीही वाढवली तरी ती थोड्या उशिराने भरेल, एवढेच.

याचे आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे दोन घड्याळे. १९०६ पासून देशात प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत राखली होती, आणि दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर होते. ते अंतर तरी ठरलेले होते, वजाबाकी करून भागे. परंतु पाठवणाऱ्याच्या यंत्रातील घड्याळ आणि आपल्या पेटीतील घड्याळ यांच्या चालीतच किंचित फरक असतो. समजा, तो दहा लक्षांत पन्नास एवढाच आहे. तरी दिवसभर चालू ठेवलेल्या वाहत्या नभोवाणीत चोवीस तासांत सव्वाचार सेकंदांहून अधिक आवाज शिल्लक साचतो किंवा कमी पडतो. सकाळी लावलेला कार्यक्रम रात्री अचानक अडखळतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा वेळी तो बंद करून पुन्हा लावणे हा भाबडा उपाय नव्हे. वखार त्यामुळे पुन्हा मध्यावर येते. चांगल्या पेट्या हे काम आपणहून, आवाजाची चाल किंचित बदलून करतात.

तेव्हा घरच्या घरी करावयाची परीक्षा सोपी आहे. प्रथम पेटी तारेने राउटरला जोडून पाहावी. बिघाड नाहीसा झाला तर दोष वाय-फायचा. जाड भिंती आणि अंतर यांचा विचार करावा. तारेनेही तो राहिला, तर घरातील बाकी सर्व यंत्रे थांबवून पाहावे. कोणी मोठी फाइल किंवा छायाचित्रे वर पाठवीत असतानाच अडचण येत असेल, तर राउटरची वखार सुजलेली आहे. त्या कामाच्या वेगास मर्यादा घालावी, किंवा रांगेची शिस्त पाळणारा राउटर घ्यावा. त्यानेही भागले नाही तर चित्राची प्रत एक पायरी खाली आणावी. आवाज स्पष्ट आणि चित्र थोडे मंद, हे चित्र लखलखीत आणि शब्द गळलेले याहून नाटकाच्या रसिकास केव्हाही बरे. एवढे केल्यावाचून महाग जोडणी किंवा नवी पेटी घेऊ नये. दोष सहसा दोन टोकांच्या मध्ये असतो, आणि टोकाचे यंत्र बदलल्याने मधली वाट रुंद होत नाही.

या इतिहासातून जो बोध निघतो तो अभियंत्यांपुरता नाही. सर्फ आणि कान यांनी जागा किती हे सांगण्याची रीत घातली, जेकबसन यांनी गळतीचा अर्थ लावला, आणि गेटिस यांनी दाखवले की गळती लपवली की दुखणे बरे होत नाही, ते केवळ मुके होते. साठवण लागतेच, ती नसती तर घाटापलीकडचे मीठ पावसाळ्यात मिळाले नसते, आणि जाळ्यावरचा आवाज दोन क्षणही सलग ऐकू आला नसता. परंतु तिचे माप येणाऱ्या आणि जाणाऱ्या वेगांतील फरकाच्या मानाने ठरवावे लागते, आणि भरत आल्याची वर्दी मागे पाठवण्याची वाट उघडी ठेवावी लागते. हे ज्या घरी समजले त्या घरी पुढच्या वेळी नाटक अडखळले, तर माणसे पेटीला दोष देण्यापूर्वी तार लावून पाहतील आणि आपला कार्यक्रम पुन्हा ऐकू लागतील.